शिकागो-सेंट लुईस लिंकन सर्व्हिस : आईबाबांना घेऊन केलेला प्रवास आणि स्टिम्युलसच्या पैशांचा हिशोब

आम्ही नॉर्मलला राहतो, इलिनॉयमधलं ब्लूमिंग्टन-नॉर्मल हे जोडगाव, इन्शुरन्स कंपन्यांमुळे इथे आपली आयटीवाली मराठी मंडळी बरीच आहेत. या उन्हाळ्यात आईबाबा आलेत आणि बाबांची एकच फर्माईश होती, मला इथली रेल्वे दाखव. बाबा मिरजेला रेल्वेत होते, रुळांच्या देखभालीच्या कामात अख्खं आयुष्य गेलं, त्यामुळे त्यांना सेंट लुईसची ती मोठी कमान (आर्च), म्युझियम, मॉल यातलं काही नको होतं, त्यांना रूळ बघायचे होते. मग आम्ही लिंकन सर्व्हिसने, म्हणजे ॲमट्रॅक या सरकारी रेल्वे कंपनीच्या शिकागो-सेंट लुईस गाडीने, आधी शिकागोला जाऊन आलो आणि दुसऱ्या शनिवारी स्प्रिंगफील्डला. मी स्वतः याआधी सेंट लुईसपर्यंतही दोनदा गेलेय. तर हा रिव्ह्यू त्या गाडीचा, पण नुसता सीट आणि कॉफीचा नाही, कारण ही लाइन २००९ च्या स्टिम्युलसच्या, म्हणजे मंदीत सरकारने ओतलेल्या, पैशातून सुधारलेली आहे आणि तो पैसा कुठे घालायला हवा होता यावर आमच्याकडे त्या आठवड्यात रोज रात्री जेवताना वाद झाला, नवरा एका बाजूला, बाबा दुसऱ्या, आणि मी हळूहळू बाबांकडे सरकले.

आधी गाडीचं सांगते. शिकागो ते सेंट लुईस २८४ मैल, म्हणजे ४५७ किलोमीटर. मधे जोलिएट, ड्वाइट, पॉन्टिॲक, आमचं नॉर्मल, लिंकन, स्प्रिंगफील्ड, कार्लिनविल, ऑल्टन अशी स्टेशनं. जुन्या रूट ६६ आणि आय-५५ या हायवेंना धरूनच लाइन जाते. पूर्वी गाडीचा वेग जास्तीत जास्त ताशी ७९ मैल होता, जून २०२३ पासून जोलिएट ते ऑल्टनच्या पट्ट्यात ११० मैलांनी धावते, म्हणजे १७७ किलोमीटर. पूर्ण प्रवासाला पूर्वी साडेपाच तासांच्या आसपास लागायचे, आता टाइमटेबलमध्ये पाच तासांच्या आगेमागे. आम्हाला शिकागोला साधारण सव्वादोन तास पुरतात, गाडी घेऊन गेलं तरी तेवढाच वेळ आणि वर डाउनटाउनच्या पार्किंगचे पैसे वेगळे.

डबे सीमेन्सचे नवे व्हेंचर, इंजिनही सीमेन्सचंच चार्जर. खिडक्या मोठ्या, प्रत्येक सीटला चार्जिंग, दोन डब्यांमधली दारं बटण दाबलं की उघडतात, टॉयलेट मोठं, आईचे गुडघे दुखतात तर तिला आत वळायला उठायला काही त्रास झाला नाही, ही गोष्ट वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात घ्या. घरचं खायला चालतं, आईने मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, जुलैमधला मका खिडकीच्या दोन्ही बाजूंनी डोक्याएवढा उभा, आणि आई म्हणाली सांगलीकडे उसातून गाडी जाते तसंच वाटतंय की गं.

बाबा मात्र खाली बघत होते. नॉर्मलच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहूनच त्यांनी सांगितलं, स्लीपर काँक्रीटचे टाकलेत, रूळ वेल्ड केलेले आहेत, खडी नवी आहे. गाडी सुटल्यावर म्हणाले, सांध्याचा आवाज येतोय का ऐक, येत नाहीये ना, इथेच पैसा गेलाय. मग मी त्यांना फाटकं दाखवली. या कामात दोनशेच्या आसपास फाटकं सुधारली, बऱ्याच ठिकाणी चार दांड्यांची केली म्हणजे रस्त्याच्या दोन्ही लेन दोन्ही बाजूंनी बंद होतात आणि कोणी वळसा घालून रुळावर घुसू शकत नाही. बाबांनी नोकरीत फाटकावरचे अपघात स्वतः बघितलेत, त्यांनी त्या एका गोष्टीसाठीच या कामाला पैकीच्या पैकी मार्क दिले. प्रवाशाला यातलं काही दिसत नाही हेही त्यांनीच सांगितलं, गाडी हलली नाही की माणूस खूश होतो, पण ती का हलली नाही ते त्याला कधी कळत नाही.

आता पैशांकडे येते. २००८ ची मंदी आल्यावर ओबामा सरकारने १७ फेब्रुवारी २००९ ला मोठा कायदा केला, रिकव्हरी ॲक्ट, तेव्हाचा अंदाज ७८,७०० कोटी डॉलरचा. त्यात करसवलत, बेकारांना मदत, शाळा असं पुष्कळ होतं, वाहतुकीला साधारण ४,८०० कोटी डॉलर. त्यातले २,७५० कोटी रस्ते आणि पुलांना, ते ठरलेल्या फॉर्म्युल्याने राज्यांना वाटून दिले. रेल्वेला ८०० कोटी, ते मात्र राज्यांनी अर्ज करायचे आणि केंद्राने निवडायचे. शिवाय टायगर नावाने १५० कोटींचा वेगळा फंड, त्यातून आमच्या नॉर्मलच्या स्टेशनला २ कोटी २० लाख मिळाले. ते अपटाउन स्टेशन २०१२ मध्ये उघडलं, खाली रेल्वे आणि बसचा थांबा, वर टाउनचं ऑफिस, शेजारी मुलांचं म्युझियम. आमची धाकटी त्या म्युझियममध्ये मोठी झाली म्हटलं तरी चालेल.

नवऱ्याचं म्हणणं असं, की स्टिम्युलस म्हणजे सलाइन, पेशंट आडवा पडलाय तर पैसा लगेच नसेत गेला पाहिजे, लोकांच्या हाताला काम आलं पाहिजे, मग रस्त्याचं डांबरीकरण करा कारण ते तीन महिन्यात सुरू होतं, रेल्वे लाइनला दहा वर्षं लागली तर तोपर्यंत मंदी संपून पुढची येते. आणि हे खरंय, मी नाकारत नाही. रस्त्यांच्या पैशातला मोठा भाग डांबरीकरणातच गेला आणि माणसांना काम पटकन मिळालं ते त्यातूनच. शोव्हेल-रेडी हा तेव्हाचा परवलीचा शब्द होता, म्हणजे फावडं मारायला तयार असलेली कामं, आणि दीडेक वर्षाने ऑक्टोबर २०१० मध्ये ओबामांनी स्वतःच कबूल केलं की सरकारी कामात तसं काही नसतंच. आमच्या लाइनचंच बघा ना. पैसे जानेवारी २०१० मध्ये जाहीर झाले, ११० कोटी डॉलरच्या पुढे, २०१२ च्या शेवटी फक्त ड्वाइट ते पॉन्टिॲक या पंधरा मैलांच्या तुकड्यावर गाडी ११० ने धावायला लागली, पूर्ण पट्ट्यात यायला २०२३ उजाडलं. जाहीर झाल्यापासून तेरा वर्षं! तेव्हा पहिलीत असलेलं पोर कॉलेजात गेलं. एकूण खर्च साधारण १९५ कोटींवर गेला, त्यातला बहुतेक केंद्राचा.

बाबांचं म्हणणं वेगळं. ते म्हणाले, अगं उशीर का झाला ते बघ ना, चांगलं काम करायला वेळ लागतो हे एक, आणि पैशाला घातलेली तारीख हे दुसरं. या ८०० कोटींना ३० सप्टेंबर २०१७ ची मुदत होती, त्या दिवसानंतर उरलेला पैसा परत. त्यामुळे रूळ, स्लीपर, स्टेशनं ही पैसा पटकन खाणारी कामं त्याआधी उरकली. पण ११० च्या वेगाला जी सिग्नलची यंत्रणा लागते, ड्रायव्हर चुकला तर गाडी आपोआप थांबवणारी, तिच्या चाचण्या पुढे कित्येक वर्षं चालल्या, २०२१ मध्ये वेग आधी ९० केला आणि मग ११०. म्हणजे रूळ तयार पडलेले आणि गाडी त्यावर जुन्याच वेगाने जातेय, असं चाललं.

डब्यांची गोष्ट तर मला वाचून फार वाईट वाटली. आधी १३० डबल डेकर डब्यांची ऑर्डर होती, इलिनॉयमधल्याच रोशेल गावात निप्पॉन शारयो या जपानी कंपनीच्या कारखान्यात ते बनणार होते, गावाला नोकऱ्या मिळाल्या, स्टिम्युलसचा जो हेतू होता तो अगदी समोर दिसत होता. २०१५ मध्ये डब्याचा सांगाडा दाबाच्या चाचणीत नापास झाला, नवं डिझाइन करून मुदतीत बसवणं जमलं नाही, २०१७ मध्ये ऑर्डर सीमेन्सकडे गेली, ते डबे कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला बनले आणि २०१८ मध्ये रोशेलचा कारखाना बंद. सुरक्षेच्या चाचणीत तडजोड नको हे बरोबरच आहे, बाबांचंही तेच मत, पण एका गावाने ज्या आशेने तो कारखाना उभा राहताना बघितला असेल त्याचं काय झालं असेल हा विचार डोक्यातून जात नाही.

मग आला राज्यांचा मुद्दा, आणि इथे आमचा वाद सगळ्यात तापला. केंद्राने पैसा दिला पण घ्यायचा की नाही हे राज्याने ठरवायचं. नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत विस्कॉन्सिनला गव्हर्नर म्हणून स्कॉट वॉकर निवडून आले, ओहायोला जॉन केसिक, दोघांनी आधीच सांगितलं होतं की रेल्वेचा पैसा नको. विस्कॉन्सिनचे साधारण ८१ कोटी आणि ओहायोचे ४० कोटी केंद्राने डिसेंबरात काढून घेतले आणि दुसऱ्या राज्यांना दिले. फेब्रुवारी २०११ मध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रिक स्कॉट यांनी टॅम्पा-ऑरलँडो लाइनचे २४० कोटी नाकारले. त्यातलेच १८ कोटी ६३ लाख मे २०११ मध्ये इलिनॉयला आले, ड्वाइट ते जोलिएटच्या रुळांसाठी. मी गाडीत बाबांना म्हटलं, आत्ता आपण ज्या रुळावरून चाललोय ना तो फ्लोरिडाने नको म्हटलेल्या पैशातला आहे, तर ते दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, मला तो राज्यवाला चुकीचा वाटत नाही, त्याने विचार केला असणार की लाइन बांधून देतील पण चालवायचा खर्च कोण करणार.

आणि तोच खरा मुद्दा होता. त्या गव्हर्नरांचं म्हणणं हेच होतं, की बांधकामाचा पैसा एकदाच येतो, तोटा दरवर्षी येतो, आणि खर्च वाढला तर फरक राज्याच्या माथी. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानुसार ७५० मैलांपेक्षा छोट्या मार्गांचा ॲमट्रॅकचा खर्च राज्यांनी द्यायचा असतो, २०१३ पासून ते पूर्ण लागू आहे, लिंकन सर्व्हिसचा खर्च इलिनॉय राज्य देतं. म्हणजे आमच्या तिकिटाच्या मागे राज्याचा टॅक्स उभा आहे. मला ते मान्य आहे, मी तो टॅक्स आनंदाने भरते, कारण इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीची मुलं, गाडी न चालवणारी म्हातारी माणसं, माझ्या आईसारखी पाहुणी, यांना ही गाडी नसेल तर दुसरा पर्याय फार थोडा आहे. पण मान्य आहे हे आधी विचारून, जाहीरपणे, बजेटमध्ये लिहून व्हायला हवं. बाबांची अट अशी होती, ज्या राज्याला केंद्राकडून रेल्वेचा पैसा हवा त्याने पुढची वीस वर्षं गाडी चालवायचं लेखी द्यावं, नाहीतर पैसा पुढच्याला. मला ही अट पटली.

विस्कॉन्सिनने पैसा नाकारला पण टॅल्गो या स्पॅनिश कंपनीच्या दोन गाड्या आधीच मागवून झाल्या होत्या. त्या तयार झाल्या, विस्कॉन्सिनमध्ये चालल्या कधीच नाहीत, कोर्टकचेरी झाली, वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या आणि शेवटी २०२२ मध्ये नायजेरियाच्या लेगोस राज्याने विकत घेतल्या. मॅडिसनला, म्हणजे राज्याच्या राजधानीला, आजही ॲमट्रॅकची गाडी जात नाही. घेतला तर पुरता घ्या, नाकारायचा तर सुरुवातीलाच नाकारा, अर्ध्यावर सोडलेल्या कामाइतकं महाग दुसरं काही नसतं हे बाबांचं वाक्य, आणि त्यांनी मिरजेकडची दोन-तीन उदाहरणं दिली ती इथे लिहीत नाही.

स्प्रिंगफील्डला उतरलो तेव्हा एक वेगळीच गोष्ट समोर आली. स्टेशनपासून जुनं कॅपिटॉल (राज्याचं जुनं विधानभवन) आणि लिंकन म्युझियम दोन्ही चालत जाण्यासारखे. बाबांना वाटत होतं लिंकन म्हणजे गुलामगिरी आणि युद्ध, एवढंच. पण तरुण लिंकन १८३७ मध्ये इलिनॉयच्या विधानसभेत होते, तेव्हा राज्याने रेल्वे आणि कालव्यांसाठी साधारण १ कोटी डॉलरची प्रचंड योजना मंजूर केली, आणि लिंकन तिच्या बाजूने होते. ज्या काउंटींतून रेल्वे किंवा कालवा जाणार नव्हता त्यांची नाराजी नको म्हणून त्यांना वाटायला २ लाख डॉलर वेगळे ठेवले. त्याच वर्षी मंदी आली. तेराशे मैलांच्या आसपास रेल्वे बांधायचं ठरलं होतं, आणि तयार झाली ती मेरेडोसिया ते स्प्रिंगफील्ड ही नॉर्दर्न क्रॉस लाइन तेवढी, राज्य कर्जात बुडालं आणि १८४७ मध्ये ती लाइन अवघ्या २१,१०० डॉलरला विकून टाकली. बाबा म्हणाले, बघ, सगळीकडे एकदम खोदायला घेतलं, सगळ्यांना थोडं थोडं वाटलं आणि कुठेच पुरं झालं नाही.

मला हे ऐकून २००९ चे ८०० कोटी आठवले, ते पण ३१ राज्यांत वाटले होते. एवढ्या पैशात एखादी पूर्ण नवी हाय स्पीड लाइनही झाली नसती, आणि तो ३१ जागी गेला. शिकागो-सेंट लुईसचं काम टिकलं कारण इथे रूळ आधीच होते, गाडी आधीच चालत होती, प्रवासी आधीच होते, फक्त जे आहे ते नीट केलं. जमीन घेण्यात वर्षं गेली नाहीत. कॅलिफोर्नियात त्याच पैशातून पूर्ण नवी लाइन घेतली, सेंट्रल व्हॅलीत खांब उभे आहेत, प्रवासी अजून एकही नाही. म्हणून माझं मत आता असं झालंय की मंदीच्या काळातला पैसा आधी चालू असलेल्या गोष्टींच्या दुरुस्तीला द्यावा, रूळ, पूल, फाटकं, पाण्याच्या पाइपलाइनी, आणि नव्या मोठ्या स्वप्नांना वेगळा, दरवर्षी थोडा पण नक्की येणारा पैसा ठेवावा ज्याला अशी एकच तारीख नसेल. नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही, तो म्हणतो मग नवं कधीच काही होणार नाही.

आणि हे फक्त इथलं नाही. कोविडमध्ये आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० ला केंद्राने राज्यांना भांडवली कामांसाठी १२,००० कोटी रुपये दिले, ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज, आणि अट अशी की ३१ मार्च २०२१ पर्यंत खर्च करा. साडेपाच महिने. बाबांना हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले साडेपाच महिन्यात टेंडर निघतं, काम नाही निघत, म्हणजे आधीच चालू असलेल्या कामांची बिलं भागणार. आता ती योजना दरवर्षीची झालीय, २०२४-२५ च्या बजेटमध्ये दीड लाख कोटी ठेवले होते, आणि मला ती आवडते ती याच कारणासाठी, की राज्याला पुढच्या वर्षीही काहीतरी येणार याचा अंदाज असतो आणि मार्चची घाई थोडी कमी होते.

परत गाडीकडे. एक गोष्ट जाणाऱ्यांनी माहीत करून घ्या, ही लाइन ॲमट्रॅकची नाही, बहुतेक युनियन पॅसिफिकची आहे आणि शिकागो ते जोलिएट कॅनेडियन नॅशनलची. मालगाड्या त्याच रुळावर. सरकारी पैशातून खाजगी कंपनीचे रूळ सुधारले हा मुद्दा नवऱ्याने फार जोरात मांडला आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, करारात गाडी वेळेवर सोडायची बांधिलकी घालता येते हे खरं, पण मालकी त्यांचीच राहते. जोलिएटच्या उत्तरेला वेग कमीच आहे, तिथे गाडी संथ झाली की काही बिघडलं असं समजू नका. शिकागोतून पुढची फ्लाइट असेल तर मधे दोन-तीन तास हाताशी ठेवा.

गाडीला पाचपैकी साडेचार. नॉर्मल स्टेशनला पाच. आणि या कामावर पैसा ज्या पद्धतीने खर्च झाला त्याला मी तीन देते, बाबांनी साडेतीन दिले आणि अर्धा मार्क फाटकांसाठी जास्तीचा आहे असं बजावून सांगितलं. तिकीट दोन-तीन आठवडे आधी काढा, ऐनवेळी महाग पडतं, शुक्रवारी संध्याकाळी युनिव्हर्सिटीच्या मुलांची गर्दी असते. आईबाबांची परतीची फ्लाइट ऑक्टोबरच्या शेवटी आहे, त्याआधी मका कापायला लागले की सेंट लुईसपर्यंत पूर्ण जायचं ठरलंय, बाबांना मिसिसिपीवरचा पूल गाडीतून बघायचाय.